अडतीस मिनिटांचं घर

"अडतीस!" क्लिफर्ड ओडेलने टेबलावर मूठ आपटली. "हेझलब्रुक ते ग्रँड सेंट्रल स्टेशन, गाडीने अडतीस मिनिटं. आणि तुझं ते टॅन्सली सत्तावन्न. विषय संपला."

"टॅन्सलीच्या घराला व्हरांडा आहे," मार्गो म्हणाली. "मागे सफरचंदाचं झाड आहे. आणि हेझलब्रुकच्या स्वयंपाकघरात मी या पोटानिशी वळूसुद्धा शकत नाही."

"पोट दीड महिन्यात कमी होईल. गाडीची वेळ कमी होणार नाही."

मार्गोला आठवा महिना लागला होता. शहरातल्या क्वीन्स भागातल्या त्यांच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात पाळणा ठेवायचा तर क्लिफर्डला बाहेर ठेवावं लागलं असतं, आणि अलीकडे तिला तेही चालण्यासारखं होतं. पण क्लिफर्डचं एकच टुमणं. बाळ झोपायच्या आत बापाने घरी पोचलं पाहिजे. त्याचा स्वतःचा बाप रोज दोन तास गाडीत घालवायचा, आणि पोरांना तो फक्त रविवारी, तोही झोपलेला, दिसायचा. त्यामुळे या बाबतीत क्लिफर्डची थट्टा करायची मार्गोला हिंमत होत नसे. बाकी सगळ्या बाबतींत ती करायची.

गेले चार महिने क्लिफर्डने घरं पाहिलीच नव्हती, स्टेशनं पाहिली होती. घर दाखवणारी लोरेन बिचारी दारं उघडून न्हाणीघरं दाखवायची, आणि हा गळ्यात स्टॉपवॉच अडकवून स्टेशनपासून उंबऱ्यापर्यंत चालत सुटायचा. शेवटी हेझलब्रुकचं घर ठरलं. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला सह्या. सात वाजेपर्यंत सही झाली नाही, तर दुसरं गिऱ्हाईक पेन काढून बसलंच होतं.

"गुरुवारी मी पाच एकेचाळीसची जलद गाडी पकडणार," क्लिफर्ड म्हणाला. "सहा एकोणीसला उतरणार, चार मिनिटं चालणार, अडतीसची खात्री पटली की सही करणार. तू तिथेच थांब."

"बरं," मार्गो म्हणाली. ती इतक्या लवकर "बरं" म्हणाली तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं. पण तो घड्याळाला किल्ली देत होता.

गुरुवारी क्लिफर्ड ग्रँड सेंट्रलला पोचला तो लढाईवर निघाल्यासारखा. फलाटावर शिरल्या शिरल्या गाडीचा शेवटचा डबा लागतो. पुढच्या डब्यापर्यंत चालत जाण्यात दीड मिनिट फुकट जातं, आणि दीड मिनिट म्हणजे क्लिफर्डला जाऊन-येऊन वर्षाचे साडेबारा तास. तो टुणकन शेवटच्या डब्यात चढला. बसायला जागासुद्धा होती! पुढचे डबे खच्चून भरलेले आणि हा निम्मा रिकामा. लोक किती मूर्ख असतात, असं म्हणत तो खिडकीशी बसला.

समोर एक म्हातारा बसला होता. गुबगुबीत, गुलाबी, मांडीवर कागदाची पिशवी. "मी पीबडी," तो म्हणाला. "सफरचंद खाणार? घरच्या झाडाचं आहे."

क्लिफर्डने सफरचंद घेतलं आणि घास घेताच त्याचा चेहरा बदलला. असं सफरचंद त्याने जन्मात खाल्लं नव्हतं. पीबडी आजोबांनी मग त्या झाडाची कुळकथा लावली. कोणत्या साली लावलं, कोणत्या साली वीज पडली, बायको कसा मुरंबा करायची, आता ती राहिली नाही आणि लेक फ्लोरिडाला बोलावते. मध्येच डोक्यावरचा भोंगा खरखरला.

"काय म्हणाला तो?" क्लिफर्डने विचारलं.

"काही नाही, रोजचंच. तर मी काय सांगत होतो, मुरंब्याला दालचिनी…"

गाडी थांबली. क्लिफर्डने स्टॉपवॉच दाबलं. अडतीस मिनिटं, शून्य सेकंद! त्याचे डोळे भरून आले. तो दाराशी गेला. दार उघडेना. काचेतून बाहेर पाहिलं तर फलाटच नव्हता. होतं ते झुडूप, आणि झुडपावर बसलेली एक खार.

"आजोबा, हे काय?"

"हेझलब्रुक," पीबडी म्हणाले. "फलाट आखूड आहे इथला. पुढच्या चार डब्यांचीच दारं उघडतात."

क्लिफर्ड धावला. दहाव्या डब्यातून नवव्यात, नवव्यातून आठव्यात. सातव्यात माणसं उभी होती. "वाट द्या! माझं घर आलंय!" सहाव्या डब्यात त्याचा पाय कोणाच्या तरी चेलो नावाच्या भल्यामोठ्या वाद्यात अडकला, आणि तो सुटेपर्यंत गाडी हलली.

"गेलं! माझं घर गेलं!"

"कुठे गेलं?" चेलोवाल्या बाईने काळजीने विचारलं.

"मागे!"

त्याने मार्गोला फोन लावला. "मार्गो, घात झाला! मी हेझलब्रुकला नाहीये!"

"मीही नाहीये," मार्गो म्हणाली.

"म्हणजे? सही कोण करणार?"

"दुसरं गिऱ्हाईक. तू आता ये, पाय दुखतायत माझे." तिने फोन ठेवला.

जलद गाडी नंतर थेट शेवटच्या स्टेशनलाच थांबते, आणि ते स्टेशन टॅन्सली. क्लिफर्ड उतरला. बाकावर मार्गो पाय पसरून बसली होती. परतीची गाडी एक तासाने होती.

"तुला ठाऊक होतं!"

"लोरेनने रविवारी सांगितलं, चारच डबे उघडतात म्हणून. मी तुला सांगायला आले, तर तू म्हणालास, मध्ये बोलू नकोस, पावलं चुकतात." मार्गोने बाकाचा आधार घेऊन उठायचा प्रयत्न केला. "मग मी नाही बोलले."

"पण मी शेवटच्याच डब्यात बसेन हे कशावरून?"

"दीड मिनिट वाचतं ना! तुझ्याशी लग्न करून सहा वर्षं झालीत मला."

मागून पीबडी आजोबा पिशवी सावरत आले. "मार्गोबाई, जमलं बरं का. गळ्यात घड्याळ होतं, लगेच ओळखला. ही घ्या माझ्या घराची किल्ली, तुमच्या यजमानांना झाड तर बघू द्या."

"बाळाचं काय?" क्लिफर्ड म्हणाला. "ते झोपलेलं असेल."

मार्गोने त्याच्या गळ्यातलं स्टॉपवॉच काढून आपल्या पर्समध्ये टाकलं. "एकोणीस मिनिटं जागं ठेवीन मी त्याला. शब्द देते."

शब्द द्यायची गरजच नव्हती. कन्यारत्न झालं आणि ते रात्री बारापर्यंत झोपेना. क्लिफर्ड सात वाजता घरी येई, आणि व्हरांड्यात पाच तास लेकीला खांद्यावर घेऊन फिरे. कधी कधी गाडी उशिरा आली तर बरं, असंही त्याच्या मनात येऊन जाई.

पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारचं घर विकायला निघालं. "शेजार चांगला मिळाला पाहिजे हं," मार्गोने बजावलं होतं. त्या संध्याकाळी शेवटच्या डब्यात, पीबडी आजोबांच्या जागेवर क्लिफर्ड पिशवी घेऊन बसला होता. समोर एक तरुण येऊन बसला. बरा दिसत होता. हातात स्टॉपवॉच.

"हेझलब्रुकला घर घेतोय," तो म्हणाला. "अडतीस मिनिटं!"

"छान," क्लिफर्ड म्हणाला. "सफरचंद खाणार? घरच्या झाडाचं आहे."

डोक्यावरचा भोंगा खरखरला.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही," क्लिफर्ड म्हणाला. "रोजचंच."