कुंडीतल्या आत्याबाई

"अख्खी कुंडी न्यायची?" बायकोने विचारलं. "अहो, फळ तोडून पिशवीत टाका ना."

"तोडलं तर कोण विश्वास ठेवेल? तुझे बाबा म्हणतील, बाजारातून आणलं," हेडक्लार्क म्हणाला आणि कुंडीला दोरी बांधू लागला.

सासरे बागाईतदार होते. समुद्राला मिळण्याआधी नदीला जिथे आठ फाटे फुटतात, त्या सपाट, गाळाच्या जिल्ह्यात संत्र्या-मोसंब्यांखेरीज दुसरं काही पिकत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत जावयाने सासऱ्यांच्या तीनशे संत्र्यांच्या मधोमध उभं राहून विचारलं होतं, "ही कसली झाडं?" मोसम नव्हता, झाडांवर फळं नव्हती, चूक माफ करण्यासारखी होती. सासऱ्यांनी ती माफ केलीही. फक्त त्यानंतर बावीस वर्षं त्यांनी जावयाशी तब्येत आणि बसचं वेळापत्रक यांपलीकडे चकार शब्द काढला नाही.

यावर उतारा म्हणून सहा वर्षांपूर्वी या गृहस्थाने नर्सरीतून संत्र्याचं कलम आणलं. ऑफिसातल्या फायलीला त्याने जन्मात इतक्या प्रेमाने हात लावला नव्हता. झाड अडीच हात वाढलं, त्याला लांबलचक काटे आले आणि यंदा फळ आलं. एक. जरा खडबडीत होतं, पण स्वतःच्या पोराच्या नाकाला कोण नावं ठेवतं? सासऱ्यांनी एकदा 'झाड चांगलं आहे' म्हणावं, एवढ्यासाठी हा माणूस कुंडी मांडीवर घेऊन पाच तास बसमध्ये बसला.

नदीच्या धक्क्यावर तपासणी नाका होता. तपासनीसाने आधी कुंडीकडे पाहिलं, मग पाटीकडे बोट दाखवलं. बागांना रोग लागू नये म्हणून बाहेरचं रोप, फांदी, पान किंवा फळ जिल्ह्यात न्यायला बंदी होती.

"यात झाड कुठे लिहिलंय?" हेडक्लार्कने विचारलं.

"साहेब, अख्खं झाड घेऊन आजवर कोणी आलंच नाही."

हेडक्लार्कने स्वतः सव्वीस वर्षं लोकांना असल्याच शब्दांत खिडकीवरून परत पाठवलं होतं. खिडकीच्या या बाजूने नियम कसा दिसतो, हे तो पहिल्यांदाच बघत होता, आणि त्याला तो मुळीच आवडला नाही. तो भांडत राहिला. तोवर पलीकडे जाणारी लाँच सुटली. पुढची दोन तासांनी होती.

शिकल्यासवरल्या माणसाला दोन तास रिकामे दिले की तो काय डोकं चालवील सांगता येत नाही. पुढची लाँच लागली आणि तपासनीस चहाला गेला, तेव्हा कुंडी बायकोची शाल डोक्यावरून घेऊन लाँचमधल्या बाकावर बसली होती.

"हे काय?" बायको म्हणाली.

"आत्या. आजारी आहे."

"तुम्हाला आत्या नाही."

"आता आहे. जरा टेकून बस, तोल जातोय तिचा."

समोरच्या बाकावर नेमकी एक निवृत्त नर्सबाई होती. सेवेची हौस शिल्लक आणि पेशंट कोणी नाही, अशा अवस्थेत माणूस फार धोकादायक असतो.

"काय होतंय हो आत्याबाईंना?"

"अशक्तपणा," हेडक्लार्क म्हणाला.

"खातात का काही?"

"नाही. नुसतं पाणी. सकाळ-संध्याकाळ."

"किती दिवस?"

"सहा वर्षं." घाईत त्याच्या तोंडून खरं निघून गेलं.

"अगं बाई!" म्हणत नर्सबाई उठल्या आणि ताप बघायला त्यांनी थेट शालीत हात घातला. किंकाळी चहाच्या टपरीपर्यंत गेली. "चावल्या! आत्या चावल्या!"

तपासनीस कप हातात घेऊनच धावत आला. त्याने शाल ओढली. आत्याबाईंच्या डोक्यावरचं एकुलतं एक फळ सगळ्या लाँचने पाहिलं.

"आता जाळावं लागेल," तो म्हणाला. "लपवून नेत होतात तुम्ही. रोग नाही असं बागाईतदार समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं, तरच वाचेल. पलीकडेच राहतात, बोलावतो."

अध्यक्ष कोण, हे बायकोने विचारलं नाही. पलीकडचा सगळ्यात जुना बागाईतदार कोण, हे तिला जन्मापासून माहीत होतं.

सासरे होडीतून उतरले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं आणि जावयाला विचारलं, "बस वेळेवर होती?"

मग ते खाली बसले आणि खोडाच्या बुडाशी नख फिरवू लागले. संत्र्याचं कलम म्हणजे खाली रानटी खुंट आणि त्यावर बसवलेला गोड जातीच्या फांदीचा डोळा. वरचा भाग गेला की खालचा खुंट जोमाने फुटतो, काट्यांसकट. या झाडाचा वरचा भाग कधीच गेलेला होता, आणि तोही रोगाने नव्हे. मातीपासून चार बोटांवर कात्रीचा सरळ, नीटनेटका काप होता. त्या घरात माणसं दोनच. सासऱ्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं.

"चादर वाळत घालताना मोडलं, बाबा," ती वाकून त्यांच्या कानाशी कुजबुजली. "लोंबत होतं, म्हणून कापून टाकलं. परत फुटलं तेव्हा हे इतके खूश झाले, की मला सांगवेना."

जावई हात बांधून उभा होता, त्याचा चेहरा पार उतरला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्यांना त्याची मनापासून दया आली. मुलीची तर त्याहून जास्त.

"रोग नाही," ते उठत म्हणाले. "आणि जावईबापू, झाड चांगलं आहे."

"खरंच?"

"चांगलं आहे."

"झाड माझ्याकडे ठेवा, परतताना घेऊन जा," तपासनीस म्हणाला. "फळ मात्र इथेच संपवायचं."

सासऱ्यांनी पहिली फोड तोंडात टाकली. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. "गोड आहे," ते म्हणाले. "फारच," म्हणत बायकोने नदीकडे तोंड फिरवलं. हेडक्लार्कच्या कानशिलांतून कळ गेली, डोळ्यांतून पाणी आलं. पण अध्यक्षांना गोड लागलेलं फळ आपल्याला आंबट लागलं, तर चूक आपल्या जिभेची, हे इतक्या वर्षांच्या नोकरीने त्याला नीट शिकवलं होतं.

"साखर आहे नुसती!" तो म्हणाला. त्याने सगळ्या बिया तळहातावर गोळा केल्या आणि रुमालात बांधल्या. अकरा होत्या. "आता एकावर थांबायचं नाही. गॅलरीत अकरा कुंड्या सहज मावतील."

तो आनंदाने शीळ घालत लाँचकडे निघाला. बायकोने वडिलांची बाही धरली. "बाबा, आता मी काय करू?"

सासऱ्यांनी तोंडातली फोड कशीबशी गिळली.

"कात्रीला धार लावून घे," ते म्हणाले.