लॅपटॉप चालू असल्याबाबत

दसरा तोंडावर आलेला असताना नाशिकच्या इंदिरानगरातल्या फूल उत्पादक सुलभता कक्षाचा लॅपटॉप एका सकाळी सुरू झाला नाही. घटना तशी साधी. माणसंसुद्धा कधीकधी सकाळी सुरू होत नाहीत. पण माणूस सुरू झाला नाही तर शेजारच्या टेबलावरचा माणूस काम ओढून नेतो. कक्षात शेजारच्या टेबलावर लॅपटॉप नव्हता, पाण्याचा जार होता.

कक्षाचं काम काय, हे आधी सांगायला हवं. पूर्वी दसऱ्याच्या बाजारात शेतकरी टेम्पो घेऊन यायचे, मैदानावर झेंडूचे ढीग लावायचे, विकायचे आणि घरी जायचे. या सगळ्यात सुलभता अजिबात नाही, हे वरिष्ठांच्या लक्षात आलं तेव्हा कक्षाची स्थापना झाली. आता शेतकऱ्यानं आधी इंदिरानगरला यायचं, लॅपटॉपवर नाव सांगायचं, क्यूआर कोड छापलेला प्रवेश पास घ्यायचा आणि मग मैदानाच्या फाटकाशी जायचं. दारावर 'सुलभता कक्ष' अशी मोठी पाटी होती. ती वाचून दिवसभरात बरेच लोक घाईघाईनं आत येत आणि इथं फक्त पास मिळतो म्हटल्यावर तितक्याच घाईघाईनं बाहेर जात.

कुंदन हा तिथला कंत्राटी सहायक. घरची आडगावला टोमॅटोची शेती. चिखलात हात घालायला लागू नये म्हणून तो कॉम्प्युटर शिकला होता. दिवाळीनंतर त्याच्या कंत्राटाचं नूतनीकरण व्हायचं होतं. त्यामुळे बटण दाबूनही काळाच राहिलेला तो पडदा त्याला अजिबात परवडणारा नव्हता.

त्यानं बटण पुन्हा दाबलं. दाबून धरलं. चार्जर काढून लावला. झाकण मिटलं आणि लॅपटॉप बेसावध असताना पकडावा तसं झटकन उघडलं. मग त्याला उपडा करून, ढेकर न आलेल्या बाळाला थोपटतात तसं पाठीवर थोपटलं. शेवटी कुणी बघत नाही असं पाहून हात जोडले. लॅपटॉप कशालाच बधला नाही.

"साहेब, लॅपटॉप बंद पडला," त्यानं कक्षप्रमुख सुनील थेटे यांना सांगितलं.

थेटेसाहेबांनी पेपर खाली ठेवला. "बंद म्हणू नका. सणासुदीचे दिवस आहेत. सुरू होण्याच्या प्रक्रियेत आहे, असं म्हणा."

"मग पास कसे द्यायचे?"

"पाससुद्धा प्रक्रियेत आहेत म्हणा."

कुंदननं मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ बासरी वाजल्यावर वैष्णवी नावाच्या मुलीचा अतिशय गोड आवाज आला.

"सर, लॅपटॉपवर आपलं तक्रार ॲप उघडा आणि तक्रार नोंदवा."

"मॅडम, लॅपटॉप चालूच होत नाहीये."

"ओके सर. मग चालू झाल्यावर नोंदवा."

"चालू झाल्यावर तक्रार कशाची करू?"

वैष्णवीचा आवाज आणखी गोड झाला. "म्हणजे सर, आपली काहीच तक्रार नाहीये. खूप छान. मी नोंद करते, लॅपटॉप चालू आहे. आणखी काही मदत करू शकते?"

दुसऱ्या फोनला कुंदन शहाणा झाला. या खेपेला वैष्णवीनं तक्रारीचे प्रकार वाचून दाखवले: लॅपटॉप हळू चालतो, मधेच अडकतो, आवाज येत नाही. 'चालत नाही' हा प्रकार तिच्याकडे नव्हता. कुंदननं विचार केला आणि 'आवाज येत नाही' सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. सकाळपासून लॅपटॉपनं चकार शब्द काढला नव्हता.

दुपारी अश्विन नावाचा तंत्रज्ञ पाठीवर बॅग टाकून हजर झाला. त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. लॅपटॉपनंही त्याच्याकडे पाहिलं असावं.

"हा चालू करा. आवाज चेक करतो."

"चालूच होत नाही हो. तेच तर दुखणं आहे."

"मग आवाज येईल कसा?" अश्विन चकित झाला. "बंद लॅपटॉपचा आवाज येत नाही हे नॉर्मल आहे. उलट आला असता तर काळजी. आवाज ओके."

"अहो, पण तो चालू करून द्या ना."

"ते स्टार्टिंगवाले बघतात. मी साउंडचा." आणि 'आवाज उत्तम' असा शेरा मारून, कुंदनची सही घेऊन तो निघून गेला.

अशा रीतीनं संध्याकाळपर्यंत मुख्यालयाच्या दप्तरी दोन गोष्टी सिद्ध झाल्या: लॅपटॉप चालू आहे आणि त्याचा आवाज उत्तम आहे. साहजिकच दुसऱ्या दिवशी मुख्यालयानं विचारलं की असा गुणी लॅपटॉप हाताशी असताना कक्षानं एकही पास का दिला नाही? लॅपटॉप बंद असल्याचा दावा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट पाठवावा.

"पाठवा की मग," थेटेसाहेब म्हणाले.

"साहेब, स्क्रीनशॉट काढायला लॅपटॉप चालू लागतो."

"मग चालू करा, स्क्रीनशॉट काढा आणि लगेच बंद करा. तुम्ही तरुण मुलं ना, फार फाटे फोडता."

अखेर मोबाइलवर फोटो काढून पाठवायचं ठरलं. मुख्यालयानं कळवलं, फोटो पूर्ण काळा आला आहे, पुरेशा उजेडात काढून पुन्हा पाठवावा. साहेबांनी सगळ्या ट्यूबलाइट लावायला सांगितल्या आणि या वेळी जातीनं स्वतः फोटो काढला. त्या लख्ख उजेडात काळ्या काचेवर साहेबांचं प्रतिबिंब उमटलं: मोबाइल धरलेला हात, मिशा आणि कपाळावरचं गंध. मुख्यालयाचं उत्तर तासाभरात आलं. पडद्यावर चित्र सुस्पष्ट दिसत असून लॅपटॉप सुरू असल्याची खात्री पटली आहे. तथापि, कक्षप्रमुखांनी शासकीय लॅपटॉपच्या पडद्यावर स्वतःचा फोटो लावणं उचित नाही. तो त्वरित हटवावा.

साहेबांनी उत्तर दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाले, "कुंदन, तो फोटो काढता येईल का हो तिथून?"

"तुम्ही समोरून उठलात की जाईल, साहेब."

इकडे कागदावर सगळं आलबेल असताना दाराशी टेम्पोंची रांग लागली होती. सगळ्यात पुढे मुंगसऱ्याच्या ठमाबाई. डोक्याला पदर, हातात पाण्याची बाटली आणि आवाज असा की लॅपटॉप शुद्धीवर असता तर दचकला असता.

"आरं बाबा, कालपासून उभी हे मी. कवा देतो पास?"

"मावशी, प्रक्रिया सुरू आहे."

"झेंडू काय फाईल हे का, पडून ऱ्हायला? उद्याच्याला काळा पडंल तो. मंग तुह्या परक्रियेच्या गळ्यात घालू का माळ?"

सुकलेला माल परत न्यायचा म्हणजे काय, हे टोमॅटोवाल्याच्या पोराला कुणी सांगायची गरज नव्हती. कुंदननं कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात ठमाबाईंचं नाव-गाव लिहिलं, कक्षाचा गोल शिक्का मारला आणि पास हातात दिला. थोड्या वेळानं टेम्पो परत आला. ठमाबाईंच्या चेहऱ्यावरून टेम्पो का परत आला ते कळत होतं.

"ह्ये कागूद घेत नाय तो. चौकोन पायजे म्हन्तो."

कुंदन शिक्का आणि शाईचं पॅड खिशात कोंबून टेम्पोत बसला. मैदानाच्या फाटकाशी दत्तू नावाचा रखवालदार स्टूल टाकून बसला होता. गणवेश कडक, नजर त्याहून कडक.

"दत्तूभाऊ, पास खरा आहे. मी स्वतः लिहिलाय."

"आसंल. पन चौकोन नाय. चौकोनाबिगर सोडायचं नाय, वरून आर्डर हे."

"बरं, स्कॅन कशानं करता तुम्ही?"

"स्कॅनचं मशीन यायचंय आजून. पुढच्या वर्षी." दत्तूनं डोळ्यांकडे बोट दाखवलं. "तवर मी असाच बघतो. काळे काळे ठिपके आन् तीन कोपऱ्यांत तीन डोळे. दिसलं का सोडलं."

घोडं पेंड खात होतं ते इथं. कुंदननं इकडेतिकडे पाहिलं. फाटकाला लागूनच वड्याची गाडी होती. गाडीवर कच्च्या बटाट्यांची पाटी आणि शेजारी सुरी. लहानपणी शाळेत भेंडीचे, बटाट्याचे ठसे करून त्यानं भेटकार्डं रंगवली होती आणि त्याबद्दल उत्तेजनार्थ बक्षीसही मिळवलं होतं. कॉम्प्युटरच्या शिक्षणानं जे दिलं नाही ते त्या बक्षिसानं आज दिलं. त्यानं एक मोठा बटाटा मधोमध कापला, कडा चौकोनी केल्या, तीन कोपऱ्यांत तीन डोळे कोरले, मधे सुचतील तसे ठिपके पाडले, शाईच्या पॅडवर दाबला आणि ठमाबाईंच्या पासवर उमटवला.

दत्तूनं कागद हातभर लांब धरला. मग जवळ आणला. तीन डोळे बोटानं मोजले.

"आता कसं!" तो म्हणाला आणि फाटक उघडलं.

कुंदननं बाकीचे टेम्पोही फाटकाशीच बोलावले आणि दिवस मावळायच्या आत रांग संपली. लॅपटॉप धडधाकट असतानाही कधी इतके पास गेले नव्हते. बटाट्याला पासवर्ड लागत नव्हता, नेटवर्क लागत नव्हतं आणि तो चार्ज करावा लागत नव्हता. झेंडूनं मैदान पिवळंकेशरी झालं आणि ठमाबाईंनी मूठभर फुलं कुंदनच्या खिशात कोंबली.

थेटेसाहेबांना हे कळलं तेव्हा ते संतापले. "शासकीय कामात बटाटा?"

"साहेब, बटाट्यावर एकही तक्रार नाही."

साहेब विचारात पडले. गेल्या दोन दिवसांत त्यांना प्रथमच चांगली बातमी कळत होती. त्यांनी मुख्यालयाला कळवलं की कक्षात पर्यावरणपूरक 'कंदाधारित पडताळणी प्रणाली' यशस्वीरीत्या कार्यान्वित झाली आहे. मुख्यालयानं अभिनंदन केलं आणि काही सूचनाही दिल्या. बटाटा मध्यम आकाराचा असावा. कोंब आल्यास त्याची नवी आवृत्ती समजावी. वापरात असलेला बटाटा शासकीय मालमत्ता असल्यानं कोणत्याही परिस्थितीत तो उकडू नये.

आणि मग लॅपटॉप सुरू झाला. का, ते कुणालाच कळलं नाही. कुंदन टेबल पुसत होता, फडका बटणावरून गेला आणि पडदा उजळला. कुंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. धावत जाऊन त्यानं साहेबांना सांगितलं.

"कशाला सुरू झाला आता?" साहेब कळवळून म्हणाले. पण सुरू झालेल्या लॅपटॉपला बंद करायची परवानगी त्यांनाही नव्हती.

दुसऱ्या टेम्पोसाठी ठमाबाई आल्या. कुंदननं रीतसर, प्रिंटरवर, खराखुरा क्यूआर छापलेला पास अभिमानानं त्यांच्या हातात ठेवला. ठमाबाई गेल्या आणि परत आल्या. सोबत दत्तूही आला होता, हातात तो पास चिमटीत धरून.

"कुंदनभाऊ, बोगस पास सुटलेत बाजारात. ह्यो बघा. ठिपके का मुंग्या? आपला चौकोन कसा ठसठशीत आसतो."

"अहो, हाच खरा आहे! तो बटाट्याचा होता!"

"तेच म्हन्तो मी. बटाट्याचा कुठंय ह्याच्यावर?"

"आरं, दाब ना तो बटाटा येकदाचा," ठमाबाई ओरडल्या. "फुलं तापायलीत टेम्पोत!"

कुंदननं खऱ्या क्यूआरच्या शेजारी बटाटा दाबला. सलाम ठोकून दत्तू फाटकाकडे निघून गेला. तेव्हापासून पद्धत पक्की झाली. पास लॅपटॉपवर काढायचा आणि तो खरा असल्याची खूण म्हणून त्यावर बटाटा मारायचा. कुंदनच्या कंत्राटाचं नूतनीकरण झालं. नव्या आदेशात त्याच्या पदाचं नाव 'सहायक (कंद)' असं आहे. टोमॅटोच्या घरातून निघालेला मुलगा बटाट्यापर्यंत पोचला म्हणून आडगावला पेढे वाटले गेले.

दसरा झाल्यावर मुख्यालयानं शहरातल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर एक छोटा प्रश्न पाठवला: डिजिटल प्रणालीमुळे यंदाची फूलखरेदी सुलभ झाली का? नाशिककरांनी एकमुखानं 'अत्यंत समाधानी' असं उत्तर दिलं आणि त्या जोरावर पुढच्या वर्षापासून भाजीपाला, दूध आणि दाखले यांनाही हीच प्रणाली लागू होत आहे. आता तुम्ही हे वाचून हसत असाल, लोक किती अडाणी म्हणत असाल. पण तो प्रश्न तुम्हालाही आला होता. तुम्हीही तो न वाचताच 'अत्यंत समाधानी' दाबलंत, कारण ते दाबल्याशिवाय तुमचा पुढचा व्हिडिओ सुरू होत नव्हता.