रिकाम्या ताटल्यांचं प्रकरण

माझ्या बुद्धीबद्दल मीच बोलणं बरं दिसत नाही, पण दुसरं कुणी बोलत नसल्यामुळे नाइलाज आहे. नजर घारीची, कान सशाचे, नाक मात्र सध्या चोंदलेलं आहे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात तीस वर्षं काढून मी खासगी गुप्तहेर झालो. आमच्या हिच्या मते नुसता निवृत्त झालो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बालवाडी आहे. तिथल्या मोठ्या बाई एका सकाळी घाम पुसत आमच्याकडे आल्या.

"दोन वर्षं मुलांनी भाजीला तोंड लावलं नाही," त्या म्हणाल्या. "गाजर बाकाच्या फटीत खुपसायची, पालक एकमेकांच्या खिशात. रोज बादलीभर भाजी फेकायचो. आणि गेले तीन आठवडे ताटल्या चाटूनपुसून परत येताहेत!"

"जेवताना तुम्ही तिथे नसता?"

"सकाळपासून जेवण होईपर्यंत मी ऑफिसात पालकांच्या तक्रारी ऐकत असते. वाढते ती स्वयंपाकाची मावशी. सोमवारी तपासणीला साहेब येणार. भाजी कुठे जाते विचारलं, तर काय सांगू?"

मुलांनी ती खाल्ली असेल ही शक्यता मी जागच्या जागी बाद केली. मी दोन मुलं वाढवली आहेत.

पहिला संशय खिडकीवर होता. जेवणाच्या वेळी मी अर्धा तास छत्री उघडून खिडकीखाली बसलो. वरून एक बूट आला. डाव्या पायाचा होता. तशी नोंद केली.

मग मोरी. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी केव्हाच ओळखलं होतं. प्लंबरला बोलावून नळी उघडायला लावली. आत दोन चमचे आणि बाहुलीचं डोकं निघालं.

"काका," प्लंबर म्हणाला, "पाणी कुठेच मुरत नाहीये. सरळ जातंय."

तिसऱ्या दिवशी मी एका संशयिताची उलटतपासणी घेतली. वय वर्षं पाच, टोपणनाव ठमी, बोटं लालभडक.

"काल मटारचं काय केलंस?"

"सोलले."

मी मान डोलावली. सोलणं म्हणजे काय, हे आम्हा तपासवाल्यांना सांगावं लागत नाही.

"मग?"

"मोजले. सगळ्यांचे सात सात. एकाचे आठ निघाले. तो राजा."

"आणि बोटांवर हे लाल कसलं?"

"बीट. आज मी कापाकापीला होते ना!"

टोळी, लुटीची वाटणी, म्होरक्या, कापाकापी. एवढ्याशा पोरांना हे एकट्याने करणं शक्य नव्हतं. यामागे मोठं माणूस होतं.

त्या दुपारी मी मावशींना फाटकात अडवलं आणि पिशवी उघडायला लावली. आत कालच्या मटारची टरफलं होती, काठोकाठ.

"शेजारणीच्या शेळीला नेते," मावशी म्हणाल्या.

"टरफलं शेळीला. आणि दाणे कुणाला?"

मावशी काहीतरी बोलणार होत्या. मग ऑफिसच्या दाराकडे बघून गप्प झाल्या. मोठ्या बाई तिथेच उभ्या होत्या. "मावशी, लेकरांच्या तोंडचा घास?" एवढंच त्या म्हणाल्या.

मावशींनी कमरेचा फडका सोडला, घडी घातली आणि त्यावर स्वयंपाकघराची किल्ली ठेवली. "अकरा वर्षं चूल सांभाळली इथे," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी वहीत 'कबुली' असं लिहिलं. पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी कुणी नाही म्हणून आमची ही मदतीला गेली. तिने भाजी केली, बाईंनी स्वतः वाढली, आणि सगळ्या ताटल्या भरलेल्या परत आल्या.

"चोर गेला, माल परत आला!" मी टाळी वाजवली. "प्रकरण मिटलं."

हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती ठमीशेजारी जमिनीवर बसली.

"का गं, मटार आवडत नाहीत?"

"आवडतात."

"मग खात का नाहीस?"

"हे आमचे नाहीत," ठमी म्हणाली. "आम्ही सोललेच नाहीत. मावशी कुठे आहे?"

तीस वर्षांचा माझा अनुभव तिथेच, वरणाच्या पातेल्याशेजारी, आडवा झाला.

आम्ही तिघं तडक मावशींच्या घरी गेलो. तीन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या ओट्याची फरशी निघाली, म्हणून त्या भाजी घेऊन मुलांच्या खोलीत चटई टाकून बसायला लागल्या होत्या. पोरं भोवती जमली. नुसती बघून कंटाळली, तेव्हा मावशींनी एकेकाला काम दिलं. कुणी शेंगा सोलायच्या, कुणी गाजरं धुवायची, कुणी उकडलेलं बीट बोथट सुरीने कापायचं. फ्लॉवरच्या तुऱ्यांची झाडं करून एक जंगल झालं, आणि जंगल ज्याने लावलं त्यानेच ते खायचं, असा नियम मुलांनीच काढला.

"अहो, मग सांगितलं का नाही?" बाईंचा आवाज चिरकला.

"पोरांना कामाला लावलं म्हणून रागवाल, असं वाटलं."

बाईंनी किल्ली पुढे केली. "चुकले मी. उद्या या. आणि मलाही एक काम द्या." मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी वाकून मावशींची पिशवी उचलली आणि टरफलं शेळीला घालून आलो.

सोमवारी साहेब आले. मुलांनी त्यांनाही चटईवर बसवलं. त्यांना शेंग उघडता येईना, तेव्हा ठमीने त्यांचा अंगठा धरून शिवण दाखवली. नऊ दाणे निघाले. जेवण होईपर्यंत साहेब राजा होते आणि त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली.

संध्याकाळी मी माझा अहवाल लिहून बाईंना दिला. मजकूर असा: गहाळ भाजीचा शोध लागला आहे. ती मुलांच्या पोटात आहे. परत मिळण्याची शक्यता नाही.