उलटी चप्पल मंडळींनी ओळ इनाम दिली त्याची हकीकत

श्री शारदेस नमन, तिच्या वीणेस नमन, आणि वीणेस विजेची तार जोडल्यावर जो कर्कश नाद निघतो त्यासही कानांत कापसाचे बोळे घालून नमन. साहेबांनी सेवकास विचारिले की, उलटी चप्पल म्हणोन चौघांची फौज या राज्यात उदयास आली, तिने आठ वर्षे मैदाने गाजविली आणि मग एके सायंकाळी वाद्ये खाली ठेविली, त्याचे कारण काय, पाहिले असेल ते लिहून पाठवावे. ऐशियास सेवक त्या फौजेच्या ध्वनीच्या पेटीवर, म्हणजे कोणाचा आवाज किती चढवावा हे जिजवरून ठरते तिजवर, पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत बसत होता, सबब यात ऐकीव काही नाही.

शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सरी, राजधानीच्या पूर्वेस कारखान्यांची पेठ आहे तेथे केंजळे यांचे घरी तीन भावंडे होती. थोरल्या शर्वाणीबाई, यांनी ड्रम बडविण्याचे काम पत्करिले. मधले ओजसराव, हे गिटार गळ्यात घालून गात. आणि धाकटे निषादराव, हे जाड तारांची बेस वाजवीत. चौथे शेजारचे फिरोजमिया मुलाणी, दुसऱ्या गिटारीचे धनी. चौघांस मिळून कॉर्ड, म्हणजे एकदम छेडावयाच्या स्वरांच्या जुड्या, तीन ठाऊक होत्या आणि त्या तिहींवर त्यांनी चाळीस गाणी रचली, हा पराक्रम लहान नव्हे. या गायनास पॉप-पंक म्हणतात. त्यात धावत सुटावे तैसे वाजवावे, दुःख असेल तर उड्या मारून सांगावे, आणि तीन मिनिटांचे आत आटपावे, ऐसा शिरस्ता आहे. सेवकाचे कान भजनावर वाढलेले, त्यास प्रथम वाटले की भांड्यांचे दुकान कोसळले, आणि मग दुसऱ्या महिन्यात स्वतःच पेटीमागे पाय आपटू लागला, हे येथे कबूल करितो. पहिली मोहीम तंत्रनिकेतनाच्या गॅदरिंगावर जाहली. प्राचार्यांनी तिसऱ्या गाण्यास वीज तोडविली, आणि मुलांनी विजेवाचून पुढील गाणे गाऊन दाखविले, आणि तेथून नाव जाहले.

निषादरावांची एक खोड होती. त्यांच्या उजव्या बुटाची लेस दर मोहिमेत सुटे. हात तारांत गुंतलेले, उड्या तर माराव्याच लागत, मग ओजसराव गाता गाता गुडघा टेकून धाकट्या भावाची लेस बांधीत, आणि प्रजा यावर गाण्याहून अधिक खूष होई. शर्वाणीबाई मागून ओरडत, "अरे, बिनालेसचे बूट घे की एकदाचे!" आणि निषादराव हसून म्हणत, "मग दादा वाकेल कशाला?" घरात तिघांचे आईबाप लवकर गेले होते, तेव्हा ही थट्टा थट्टाच होती ऐसे सेवकास वाटत नाही.

पुढे शके एकोणीसशे चौतीस, नंदन नाम संवत्सरी, ओजसरावांचा घसा बसला होता आणि एक ओळ निघेना, तेव्हा त्यांनी माईक प्रजेपुढे धरून हाक दिली, "ही ओळ तुमची!" आणि तीन हजार कंठांनी ती गाइली. ओळ ऐशी होती: आई, मी अभ्यासाला बसलोय, फक्त पाण्याच्या टाकीवर. बहुत गोड वाटले. दुसरे दिवशी तालमीत ओजसराव त्या जागी येऊन थांबले आणि म्हणाले, "पुढं काय आहे रे?" निषादरावांनी सांगितले, त्यांनी तैसे गाइले, आणि दुसऱ्या फेरीस पुन्हा थांबले. फिरोजमिया म्हणाले, "भावा, तूच लिहिलंय ना ते?" सगळे हसले. मग चौघे चहास त्या टाकीखालून चालले असता ओजसरावांनी वर पाहून विचारिले, "इथं आपण कधी आलो होतो का?" तीन वर्षे ते त्याच टाकीवर बसून गाणी लिहीत आले होते. तेव्हा कोणी हसले नाही.

परंतु प्रजेस चटक लागली होती. जेथे जावे तेथे "ओळ! ओळ!" ऐसा घोष होई, आणि ओजसराव स्वभावाचे उदार, समोरचा आनंदला की यांस राहवत नसे, मग एक ओळ, दोन ओळी, कडवे, ऐसे इनाम देत सुटले. राजेलोक गावे इनाम देतात, दिलेले परत मागत नाहीत. हे ओळी देत होते आणि ओळीबरोबर काय काय जाते याचा विचार करीत नव्हते. बसमधली मुलगी त्यांच्या आठवणीतून गेली, शाळेचा पहिला दिवस गेला, वडिलांच्या सायकलीची घंटा गेली. सेवकाने एकदा जुने ध्वनिमुद्रण काढून ऐकिले. ते फिरोजमियांच्या काकांच्या गॅरेजात, दार लावून, चौघांनीच केले होते, पाचवा फक्त सेवक. टाकीची ओळ आली आणि ओजसरावांचा आवाज बंद जाहला आणि त्या लहानशा खोलीत तीन हजार माणसे गाइली. सेवकाने ते चौघांस ऐकविले. फिरोजमियांनी उठून गॅरेजाचे दार उघडून बाहेर पाहिले. शर्वाणीबाई म्हणाल्या, "ओजस, पुरे आता. ओळी देणं बंद कर." ओजसराव म्हणाले, "अगं ताई, नवीन लिहू की. मला काय ओळींचा तोटा आहे?" आवाज मात्र बारीक जाहला होता.

शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सरी, निषादरावांस ताप आला, आणि चार दिवसांत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते गेले. यावर लिहवत नाही. फौजेने दुसरा माणूस घेतला नाही. मंचाचे डावे अंगास त्यांची बेस घोडीवर उभी ठेवीत, जागा मोकळी सोडीत, आणि त्यांचे जुने वादन सेवक पेटीतून सोडी. ओजसरावांनी तीन महिने कागदास हात लाविला नाही, आणि मग एक गाणे लिहिले, त्यात धावपळ, खोड्या, सर्व काही होते, आणि शेवटी एक ओळ होती: थांब निषाद, तुझी लेस सुटली आहे. शर्वाणीबाईंनी त्यांचा हात बेसच्या तारांवर ठेवून म्हटले, "शपथ घे. ही ओळ कुणाला द्यायची नाही. काही झालं तरी." ओजसरावांनी शपथ घेतली आणि म्हणाले, "ताई, ही गेली तर माझ्याकडे त्याचं काय राहील?"

शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरी, मोठ्या मैदानावर वीस हजार प्रजा जमली. ऊन उतरत होते. अखेरीस ते गाणे आले, ओजसराव नीट गात गेले, आणि त्या ओळीशी येऊन त्यांस रडू फुटले. ड्रम थांबले. सर्व थांबले. प्रथम एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या, मग सर्व मैदानातून "ओळ! ओळ!" ऐसा घोष उठला, प्रेमानेच उठला, हेच वाईट. शर्वाणीबाई उभ्या राहून ओरडल्या, "ओजस, नको!" आणि सेवकाकडे हात केला. सेवकाने प्रजेचा आवाज पेटीत आणणारे, मैदानाकडे रोखलेले सर्व माईक बंद केले. ओजसरावांनी डावीकडे मोकळ्या जागेकडे पाहिले. त्यांच्या मनात काय आले ते त्यांसच ठाऊक, परंतु सेवकाचा तर्क ऐसा की, ओळ गाइली नाही तर निषाद तेथेच सुटल्या लेसेने उभा राहील, पडेल, हे त्यांस सोसवले नाही. त्यांनी माईक पुढे धरिला आणि रडत म्हणाले, "ही ओळ... तुमची."

वीस हजारांनी ती गाइली. सेवकाचे पेटीवर बंद माईकांचे काटे टोकास जाऊन थरथरत राहिले आणि ओळ संपली तैसे खाली आले. ओजसरावांनी गालावरून हात फिरविला आणि ओला हात पाहून नवल केले. मग म्हणाले, "फिरोज, ही बेस कुणाची रे?" फिरोजमियांनी तोंड फिरविले. "ताई, ही जागा मोकळी का ठेवलीय आपण?" शर्वाणीबाई म्हणाल्या, "निषादची आहे." ओजसरावांनी आदराने, परक्या घरचे दुःख विचारावे तैसे विचारिले, "कोण निषाद?" शर्वाणीबाईंनी काठ्या ड्रमवर आडव्या ठेविल्या आणि त्या पुन्हा उचलल्या नाहीत.

पुढे छायाचित्रे दाखविली, शाळेच्या वह्या दाखविल्या. ते म्हणत, "चांगला दिसतो पोरगा," आणि नाव विचारीत, आणि सांगितले की विसरत. परंतु दरसाल त्या तिथीस लोक त्याच मैदानी आपण होऊन जमतात आणि वाद्यांवाचून ते गाणे गातात. शर्वाणीबाई भावास हाताशी धरून आणितात. गतसाली सेवक समीप उभा होता. ओळ आली, सर्वांनी गाइली, आणि तितका वेळ, तितकाच, ओजसरावांचा चेहरा पूर्वीचा जाहला. ते चट्‌दिशी गुडघा टेकून बसले आणि शेजारच्या अनोळखी मुलीच्या बुटाची लेस, जी सुटलेली नव्हती, सोडून पुन्हा घट्ट बांधली. ओळ संपली. उठून त्यांनी आपले तळवे पाहिले आणि विचारिले, "ताई, हाताला माती कशानं लागली गं?" शर्वाणीबाईंनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "काही नाही. चल घरी."

येणेप्रमाणे उलटी चप्पल मंडळींचा उदय, विस्तार आणि मोड जाहला. गाणी चाळीस, सर्व प्रजेकडे सुखरूप आहेत. ओजसरावांकडे एक नाही. साहेबांस विनंती इतकीच की, ही हकीकत एकट्याने मनातल्या मनात वाचावी, चार मंडळींत मोठ्याने वाचू नये व कोणाकडून म्हणवून घेऊ नये. सेवकास निषादराव अद्याप आठवतात.