धुळे तर्फेच्या शून्यावर स्वारी

तापी आणि पांझरा या दोघी माउल्यांस साक्ष ठेवून, मुक्काम जळगाव, मृत्युनोंद समितीच्या दफ्तरी, एका पायाने लंगडणाऱ्या मेजावर कागद टेकवून ही हकिकत लिहिली असे. शके १९११, शुक्लनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ऐकणाऱ्याने चहा मागवून सावकाश ऐकावी, मध्येच उठू नये. यात तोफ नाही, हत्ती नाही, घोडा म्हणाल तर एस.टी. आहे. परंतु एका मयत गृहस्थाची इभ्रत परत जिंकून आणिल्याचे वर्तमान आहे, आणि हे काम किल्ला घेण्याहून सोपे ऐसे ज्यास वाटत असेल त्याने ग्रामसेवकाकडून एक दाखला दुरुस्त करून आणून दाखवावा, मग आम्हांशी बोलावे.

तरी मूळ मजकूर ऐसा. बोदवडचे नामांकित व्यापारी राजश्री अभयकुमार शेठ, नेमीचंद शेठ यांचे चिरंजीव, यांच्या मातोश्री गुलाबबाई स्वादुपिंडाच्या कर्करोगाने कैलासवासी जाहल्या. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या पाठीमागे दडलेले इवलेसे ठाणे, जे जिवंतपणी कोणास ठाऊक नसते आणि ठाऊक होते तेव्हा गनीम आत शिरून बसलेला असतो. शेठजींस दुःख अपार जाहले, आणि हा रोग खानदेशात कोठे किती माणसे नेतो, वाढतो की घटतो, हे एकदा कळावे म्हणून त्यांनी पदरचा खर्च घालून समिती स्थापिली, तिच्या जळगाव तर्फ व धुळे तर्फ ऐशा दोन शाखा केल्या, आणि ज्या तर्फेत दर लाखी मयत कमी तिजला दरसाल पितळेची मानाची ढाल देण्याचा शिरस्ता घातला. हेतू थोर होता. परंतु ढालीपायी पुढे जे जाहले ते ऐकावे.

तीन सालांचा तक्ता उलगडला तेव्हा जळगाव तर्फेचे मयत आधी चार, मग नऊ, मग एकोणीस ऐसे निघाले, आणि धुळे तर्फेचे शून्य, शून्य आणि पुनः शून्य. दरबारात हाहाकार उडाला. धुळे तर्फेच्या मंडळींनी ढाल रिक्षात घालून वाजतगाजत नेली आणि वर शेरा मारिला की आम्ही भुईमुगाचे तेल खातो, आमच्या अंगी रोग लागत नाही. जळगाव तर्फेची नामुष्की काय वर्णावी! कोणी म्हणाले केळ्यांमुळे होते, त्याबरोबर चोपड्याचे केळीवाले शेतकरी ट्रॅक्टर भरून जाब विचारण्यास आले. मग कोणी म्हणाले भरिताच्या वांग्यांमुळे होते, त्याबरोबर घरोघरच्या बायका आल्या, आणि केळीवाले परवडले ऐसे समितीस वाटले.

या समयी सांख्यिकी सहायक राजश्री रुपचंद भावसार, आकडेपंडित, चष्मेबहाद्दर, आयुष्यात एकदाही बेरीज न चुकलेले, परंतु बायकोने आणायला सांगितलेली भाजी दरवेळी चुकलेले, उठून उभे राहिले आणि अर्ज केला की जळगावास रोग वाढला नसून सोनोग्राफीचे यंत्र आले आहे, एक डॉक्टर ऐसे आले आहेत की ज्यांचे अक्षर वाचता येते, म्हणून पूर्वी जे मयत पोटदुखीत जमा होत ते आता आपल्या खऱ्या नावाने रुजू होतात. धुळे तर्फेत माणूस अमर जाहला नसेल, तर तेथील मयत कोठे तरी दुसऱ्या रकान्यात लपले असतील. ते हुडकून आणितो, हुकूम व्हावा. हे बोलणे शास्त्राचे होते, परंतु खरे सांगावयाचे तर रुपचंदांच्या डोळ्यांसमोर रकाना नव्हता, ढाल होती. शेठजींनी फर्मान दिले की जावे, परंतु प्रवासभत्ता साध्या गाडीचा.

मग रुपचंदांनी धुळे तर्फेच्या गावोगावच्या गोषवाऱ्यांवर रात्रंदिवस नजर टाकिली, तेव्हा साक्रीच्या पश्चिमेस डोंगरात शेवगेपाडे नामे गाव आढळले, जेथे अकरा वर्षांत सबंध गाव फक्त पाच कारणांनी मेले होते: म्हातारपण, ताप, पोट, सर्पदंश आणि दारू. सहावे कारण औषधालाही नव्हते. रुपचंद म्हणाले की यमराज इतका शिस्तीचा नसतो, येथे कोणी तरी त्याचे कारभारीपण करतो आहे. आणि दुसरे दिवशी पहाटे दादर ज्वारीच्या चार भाकरी, ठेच्याचा डबा, कार्बन पेपर आणि छत्री ऐशी शस्त्रे घेऊन कूच केले. एरंडोल मागे टाकिले, पारोळा मागे टाकिले, धुळ्यास गाडी बदलिली, कुसुंबे आणि नेर उभ्याने काढिले, साक्रीस उतरून एका जीपमध्ये, जीत नऊ माणसे बसतात तीत एकोणिसावे होऊन, बगलेत कोणाची कोंबडी धरून, तिसरे प्रहरी शेवगेपाड्यास पोहोचले. कोंबडी सुखरूप होती. छत्री जीपमध्येच राहिली.

तेथे ग्रामसेवक राजश्री झुलालआप्पा, मुद्राधीश, यांचे ठाणे होते. मुद्राधीश म्हणावयाचे कारण ऐसे की पूर्वी एका तपासणीस आलेल्या साहेबाने भर ग्रामसभेत त्यांच्या अक्षरास मुंग्यांचे वारूळ म्हटले होते, तो घाव आप्पांच्या जिव्हारी बसला, आणि त्यांनी धुळ्यास जाऊन मृत्यूच्या कारणांचे पाच रबरी शिक्के करून आणिले आणि लेखणी खाली ठेविली ती ठेविलीच. कोणी मेले की आप्पा दोनच सवाल करीत. साप होता काय? डोळे पिवळे होते काय? डोळे पिवळे म्हणजे कावीळ, कावीळ म्हणजे दारू, आणि शिक्का धप्पकन खाली येई. मनात कपट तिळमात्र नव्हते. पाच शिक्क्यांत दुनिया बसते ऐसा त्यांचा प्रामाणिक समज होता.

रुपचंदांनी वही मागितली, पिवळ्या डोळ्यांचे मयत मोजिले, आणि मोजताना ओसरीच्या पायरीवर बसलेली एक बाई उठून पुढे आली. तिचे नाव वच्छलाबाई. आप्पा म्हणाले की ही दर पंधरा दिवसांनी येते, लक्ष देऊ नये. तिने पदराआडून दोन कागद काढिले आणि बोलली, "भाऊ, मन्हा मालकनी जनमभर दारूले हात लावा नही. सुपारी बी तोंडमा टाकी नही. अन् ह्या कागदवर दारू लिखेल शे."

हकिकत ऐशी की तिचे यजमान पुना सुकदेव हे मागील साली वारले. आधी अंगास खाज सुटली, मग डोळे पिवळे जाहले, मग धिप्पाड माणूस वाळून काठी जाहला. वनाबाबा म्हणून गावचे कावीळ उतरविणारे, त्यांच्याकडे नेले, मग धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेले, तेथे तपासणी होऊन इंग्रजी कागद मिळाला, तो बाईने उडदाच्या कोठीत जपून ठेविला, आणि पुना दीड महिन्यात गेले. आप्पांनी दारूचा शिक्का मारिला. तोच दाखला वारस लावण्यासाठी तालुक्याच्या कचेरीत गेला, तेथे मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याचा साडू कारकून होता, त्याने वाचला, आणि दारुड्याची लेक आम्हांस नको ऐसा निरोप येऊन तानुबाईची ठरलेली सोयरीक मोडली. तेव्हापासून गल्लीत पुनाचे नाव निघाले की लोक अंगठा तोंडाशी नेऊन दाखवीत.

रुपचंदांनी इंग्रजी कागद वाचिला, आणि वाचून चष्मा पुसला, आणि पुनः वाचिला. स्वादुपिंडाचा कर्करोग, स्पष्ट लिहिलेला, सहीशिक्क्यानिशी. ज्याच्या शोधात पन्नास कोस आले तो मयत हाती लागला होता. धुळे तर्फेचे शून्य फुटले, ढालीवरचा त्यांचा हक्क डळमळला म्हणून उडी मारावी, तर समोर ती बाई उभी. त्यांस स्वतःची लाज वाटली, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे कोणास सांगितली नाही, परंतु बखरकारापासून काय लपते!

मग लढाईस तोंड लागले. रुपचंदांनी नोंद दुरुस्त करण्याची मागणी घातली. आप्पांनी पहिला बुरूज लढविला, की रकाना बोटभर आणि रोगाचे नाव हातभर, बसवायचे कोठे? रुपचंद म्हणाले समासात बसवावे, कायद्यात सोय आहे. आप्पांनी दुसरा बुरूज लढविला, की दवाखान्याचा कागद पुरे नाही, कायद्याप्रमाणे दोन माहीतगार साक्षीदार पाहिजेत, आणि पुना प्याला नाही हे कोण छातीठोक सांगणार? गाव पारावर जमला होता. सगळ्यांस ठाऊक होते, आणि सगळे जमिनीकडे पाहत होते, कारण आप्पांपाशी कोणाचे ना कोणाचे दाखले अडलेले असतात.

तेव्हा वनाबाबा काठी टेकीत पुढे आले. त्यांचा लौकिक ऐसा की त्यांनी चुन्याच्या पाण्यात हात धुवविले आणि कावीळ उतरली नाही हे चाळीस वर्षांत घडले नव्हते, म्हणजे घडले असेल, पण कोणी कबूल केले नव्हते. ते लौकिक वगैरे सगळा खाली ठेवून म्हणाले, "सात येळ धुवाडात मी त्याना हात. पानी पिवळं व्हयनं, पन डोया पिवळाच राहिनात. हाई कावीळ मन्ही नव्हती." आणि अंगठा उठविला. हा त्या दिवसाचा पहिला पराक्रम.

दुसरा साक्षीदार मिळेना. सूर्य डोंगरास टेकला. तेव्हा वच्छलाबाई तडक गावकुसाबाहेर गेली आणि छगनला हाताशी धरून घेऊन आली. छगन म्हणजे कोण, तर नाल्याच्या काठी मोहाची भट्टी लावणारा, ज्याचे नाव सगळ्या गावास ठाऊक आणि कोणीही मोठ्याने घेत नाही. आप्पा गरजले की हा साक्षीदार? हा माहीतगार? त्यावर बाईने जो सवाल टाकिला त्यापुढे भले भले वकील फिके पडावेत. "गावमा कोन पेस अन् कोन नही पेस, हाई त्याले सोडीसन कोनले मालूम शे, आप्पा?"

छगनने टोपी काढिली. सही केली तर आपण भट्टी लावतो हे सरकारी कागदावर कबूल होणार, हे त्यासही कळत होते. तरी म्हणाला, "पुना मन्हा दारवर एकच येळ उना, बकरी शोधाले. तेबी रस्तावर उभा राहिना." मग आप्पांकडे नम्रपणे पाहून, पुढे पुसले, "बाकी कोन कोन येस, ते बी सांगू का, आप्पा?"

आप्पा ताडकन म्हणाले की साक्ष पुरे, साक्ष उत्तम, ऐसा माहीतगार साक्षीदार आम्ही नोकरीत पाहिला नाही, आणि शाई आणा. पारावरून तीन-चार प्रतिष्ठित मंडळी घाईघाईने म्हशी पाहण्यास घरी गेली.

मग अकरा वर्षांनी झुलालआप्पांनी लेखणी धरिली. हातास सवय नव्हती. रुपचंद एकेक अक्षर सांगत गेले आणि आप्पा ओठ दाबून लिहीत गेले, आणि अक्षरे समासातून निघून कडेकडेने चढत पानाच्या माथ्यावर जाऊन पोहोचली. मुंग्यांचे वारूळ खरेच, परंतु मुंग्या योग्य ठिकाणी पोहोचल्या. घामाघूम होऊन आप्पांनी नवा दाखला लिहून दिला, आणि हलक्या आवाजात बाईस म्हणाले, "अक्का, चुकलं माझं." हेही येथे रुजू करितो, कारण सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य आप्पांच्या लेखणीपेक्षाही कमी वेळा उमटते.

बाईने दाखला हाती घेतला, उलटसुलट पाहिला आणि रुपचंदांकडे देऊन म्हणाली, "जोरमा वाचा भाऊ. बठ्ठी गल्लीले आयकू जावाले जोयजे." मग रुपचंद तिच्या दारात उभे राहिले आणि सगळ्या गल्लीस ऐकू जाईल ऐसे ललकारी दिल्याप्रमाणे वाचिले: पुना सुकदेव, मृत्यूचे कारण स्वादुपिंडाचा कर्करोग. ज्या नावाने घरादाराचे पाय गळावेत ते नाव ऐकून ती बाई डोक्यावर पदर सारखा करून हसली, आणि हसता हसता रडू लागली, आणि शेजारणी येऊन तिच्याजवळ बसल्या. आम्ही पुष्कळ विजय लिहिले, ऐसा विजय लिहिला नाही.

पुढील वर्तमान थोडक्यात. शून्याचा तक्ताच खोटा ठरला म्हणून ढाल धुळ्याहून परत मागविली, तेव्हा अभयकुमार शेठ म्हणाले की मातोश्रींच्या नावाने आम्ही हे काय मांडले, आणि ढाल वितळवून तिची समई केली. शेवगेपाड्याची गोष्ट पसरली, आसपासचे ग्रामसेवक लेखणीने लिहू लागले, आणि पुढल्या साली धुळे तर्फेचे मयत अकरा निघाले. त्याबरोबर विद्वान मंडळींनी हाकाटी केली की धुळ्यास रोग फोफावला, आणि आता भुईमुगाच्या तेलाची चौकशी चालू आहे. छगनकडे एक जमादार येऊन गेला, परंतु तोही जुना माहीतगार निघाला. मोडलेल्या सोयरिकीचे लोक गूळ-खोबरे घेऊन परत आले. तानुबाईने त्यांस पाणी दिले आणि सांगितले, "ज्यास्ले मन्हा बाप वळखू उना नही, कागद वळखू उना, त्यास्ना घर मी जात नही." ते पाणी पिऊन गेले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. समितीच्या तक्त्यात पुना गेले त्या सालाची नोंद कायम केली ती ऐशी: जळगाव तर्फ एकोणीस, धुळे तर्फ एक. तक्त्यात नाव लिहावयास जागा नसते, म्हणून येथे लिहून ठेविले. त्या एकाचे नाव पुना सुकदेव, राहणार शेवगेपाडे. सुपारी देखील खात नसत.