पहिला घास दुसऱ्याचा

दाऊदभाई परकारांनी पहिला घास स्वतः घेतलेला मी कधीच पाहिला नाही. ताट समोर आलं की बाह्या सारून, बिस्मिल्ला म्हणून ते समोरच्याला सांगायचे, "आधी तू खा. मना घाई नाय." समोरचा खायला लागला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचे. नवीन माणसाचा तर घास घशातच अडकायचा. मग ते स्वतः एक घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "पास." नाहीतर "होल्ड." नाहीतर, देव न करो, "रिजेक्ट."

ही भाषा त्यांच्या नोकरीतली. साठ-एकसष्टची गोष्ट. कतारच्या दोह्यात एका तेल कंपनीच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते आणि मी तिथेच टायपिस्ट. आलेल्या प्रत्येक नळाला आणि नटबोल्टाला या तीन शब्दांपैकी एकाची चिठ्ठी बांधायची हे त्यांचं काम. दिवसभर चिठ्ठ्या बांधून झाल्या की संध्याकाळी ते तोंडी चिठ्ठ्या बांधत बाजारभर फिरायचे. पन्नाशीचा गृहस्थ, कानाला पेन्सिल, डोक्यावर जाळीची टोपी, आणि मागे आम्ही तीन-चार कोकणातले सडे लोक. सड्यांना खोलीवर स्वयंपाक करायचा कंटाळा, त्यामुळे आमचं सगळं खाणं बाहेरच.

इराण्याच्या भट्टीवरची रोटी ते आधी मला चावायला लावायचे, मग उलटी करून तिचा तळ बघायचे आणि म्हणायचे, "होल्ड. करपलीय." कबाबवाल्या पठाणाला हा शब्द इतका आवडला की दुसऱ्या दिवशी लांबूनच तो विचारायचा, "दाऊदभाई, होल्ड खुला?" कोणी वाद घातला तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जीभ म्हंजे अल्लाने दिलेला इन्स्पेक्टर. त्याच्याशी भांडायचा नाय."

रत्नागिरीकडून वळकटी घेऊन उतरलेला माणूस पहिल्यांदा काम विचारायचा आणि दुसऱ्यांदा दाऊदभाईंना. त्याला घेऊन ते थेट कोयाच्या हॉटेलात जायचे. कोया मलबारी. हॉटेल म्हणजे खजुराच्या झावळ्यांचं छप्पर, चार बाकडी आणि एक भलामोठा टोप. जवळच्या वक्र्याच्या बंदरातून आलेली ताजी मासळी मात्र त्याच्याकडेच मिळायची. पाहुणा जेवायला लागला, त्याचे डोळे भरून आले, की दाऊदभाई जाहीर करायचे, "पास." पाहुणा जन्मभर त्यांचा होऊन जायचा.

आता माझं सांगतो. मी चिपळूणचा सुर्वे. वाशिष्ठीच्या काठी वाढलेला. मासळीतलं कळतं ते मला, असा माझा पक्का समज होता, अजूनही थोडा आहे. पण मला कोणी विचारत नसे. मी "मीठ कमी आहे" म्हटलं तर लोक दाऊदभाईंकडे बघायचे, आणि त्यांनी मान हलवली तरच मीठ कमी असायचं. खरं म्हणजे ते मान हलवायचे ती माझंच ऐकून. एवढं मी पाहिलं होतं, पण त्यातून काढायचा तो अर्थ मी काढला नाही. मी काढला तो एवढाच की हा माणूस ढोंगी आहे, आणि त्याला एकदा उघडा पाडला पाहिजे.

कोयाला फितवायला वेळ लागला नाही. त्याच्या कालवणात सतत नाक खुपसणारं गिऱ्हाईक त्यालाही नकोसं झालंच होतं. ठरलं असं की शुक्रवारी दाऊदभाईंचं कालवण वेगळ्या भांड्यात काढायचं आणि त्यात दोन मुठी मीठ टाकायचं. आमचं नेहमीचं. माझ्या खोलीतला श्रीवर्धनचा हमीद या कटात आनंदाने सामील झाला.

त्या दुपारी दाऊदभाई नेहमीपेक्षा उतावीळ होते. ताटं यायच्या आधीच दोनदा आत जाऊन कोयाशी काही बोलून आले. ताटं आली. "आधी तू खा," ते मला म्हणाले. मी खाल्लं. त्यांनी विचारलं, "कसा हाय?" असं तोंडाने ते कधी विचारत नसत. मी म्हटलं, फर्स्ट क्लास. हमीदला विचारलं, तोही म्हणाला फर्स्ट क्लास. आम्ही हसू दाबत होतो, चेहरे अगदी फुलून आले होते. दाऊदभाईंना किती बरं वाटलं ते दिसत होतं. मग त्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पास. असा कधी झाला नव्हता."

हमीदच्या नाकातून पाणी आलं. कोया पदराआड हसणाऱ्या बाईसारखा खांद्यावरच्या फडक्याआड हसायला लागला. मी त्यांच्या ताटातलं कालवण बोटावर घेऊन चाखलं, थुंकलं आणि आजूबाजूच्या सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की साहेबांनी आज समुद्र पास केला आहे.

ते रागावले नाहीत. आमच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं, हात धुतले, टोपी सारखी केली आणि उन्हातून चालू लागले.

आठवड्याभरात ही गोष्ट वक्र्यापर्यंत पोचली. गोदामात कोणी चूक केली की लोक म्हणायला लागले, दाऊदभाईंनी पास केलेलं दिसतंय. ते आमच्याबरोबर यायचे बंद झाले. नवीन आलेली माणसं आता मला विचारू लागली. त्यांना घेऊन मी कोयाकडे जायचो, भरपूर मतं द्यायचो, आणि कोणाचे डोळे काही भरून येत नसत. मला चैन पडेनासं झालं.

तिसऱ्या शुक्रवारी ते मला कोयाच्या हॉटेलात एकटे दिसले. समोर चहा, एअरमेलचं कोरं पत्र, हातात पेन्सिल. मी जाऊन समोर उभा राहिलो. तयारी करून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं, "दाऊदभाई, माफी."

चुलीजवळ पाठमोरा असलेल्या कोयाने ते ऐकलं. आता तिकडच्या बाजारच्या बोलीत 'माफी' म्हणजे 'नाही, संपलं', आणि 'फी' म्हणजे 'आहे'. त्याला वाटलं मासळी संपली म्हणून मी कुरकुरतोय. "फी, फी! मच्छी फी!" असं म्हणत त्याने कालवणाचं ताट आणून माझ्यासमोर आदळलं. दाऊदभाईंना हसू आलं. मलाही आलं. मग त्यांनी ताट मधे सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "तुज्यावर राग नाय. तू खोटा काय बोललास? मना चव समजतच नाय."

मुंबईत असताना त्यांना टायफॉइड झाला होता. ताप उतरला, पण जिभेची चव गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून आठ वर्षं गोड, खारट, तिखट सगळं सारखंच. एक घास घेऊन ते डोळे मिटायचे, पण निकाल आधीच लागलेला असायचा, आमच्या तोंडांवर. माझ्या कपाळाला घाम आला की तिखट बरोबर. हमीद बोलायचा थांबला की मीठ बरोबर. नवा माणूस रडला की सगळंच बरोबर.

मी विचारलं, पण हे सोंग कशासाठी?

त्यांनी पत्रावर हात ठेवला. त्यांची बायको खतीजाबी दर वर्षी गावाहून कोणाबरोबर तरी मसाला पाठवायची, स्वतः भाजलेला, स्वतः कुटलेला. आला की ते तो कोयाला द्यायचे, त्याच दिवशी कालवण करायला लावायचे, आम्हाला बसवायचे आणि आमच्या तोंडांवरून तिला पत्र लिहायचे. सुर्वेला घाम आला तर मिरची झणझणीत आहे, असं. "चव गेली ता तिला सांगितला असता तर तिने मसाला पाठवायचा बंद केला असता," ते म्हणाले. "मग तिचा हात माज्यापर्यंत यायचा कसा?"

मला त्या शुक्रवारची आठवण झाली. ह्या वर्षीचा मसाला त्याच दिवशीच्या कालवणात पडला होता. एवढीशी पुरचुंडी, एकाच टोपात संपलेली. खतीजाबीचे हात सांधेदुखीने धरले होते, म्हणून पहिल्यांदाच मसाला सुनेकडून करून घेतला होता. खतीजाबीने पत्रात विचारलं होतं, माझ्या हातच्यासारखा झाला की नाही ते खरं लिहा. नसला झाला तर मी रडतखडत का होईना, पुढच्या वर्षी माझ्याच हाताने कुटीन. ते पत्र तीन आठवडे उत्तराशिवाय पडलं होतं, कारण त्या दिवशी आमच्या तोंडांवर जे होतं ते कालवणाचं नव्हतं हे त्यांना कळून चुकलं होतं.

"तू माशातला जाणकार," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. "तू खाल्लास ना पुरा ताट. सांग. मसाल्यातली तिरफळा बरोबर होती? तिच्यासारखा झालता?"

मी आठवायला लागलो. त्या दिवसाचं मला सगळं आठवत होतं. त्यांचे मिटलेले डोळे, हमीदच्या नाकातलं पाणी, कोयाचं फडकं, माझं स्वतःचं वाक्य. चव तेवढी आठवेना. मी पूर्ण ताट संपवलं होतं, पण सगळं लक्ष त्यांची फजिती बघण्याकडे होतं. वाशिष्ठीच्या काठच्या जाणकाराने काय खाल्लं ते त्याला ठाऊक नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही वाटलेली नाही.

"अगदी तसाच झाला होता," मी म्हटलं.

दाऊदभाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ. आठ वर्षं त्यांनी दुसरं काही वाचलं नव्हतं. मी नजर खाली घातली. मग पेन्सिल कागदावर टेकलेली ऐकू आली.

"बरा," ते हळूच म्हणाले. "मी एवढाच लिवतो, सुर्वेने ताट पुरा संपवलान."