टाकीवर बसणारे अण्णा

आमच्या शेजारचे अण्णा पठारे स्वयंपाकाच्या वेळी घराबाहेरच्या लोखंडी टाकीवर बसत. त्यांच्या बायकोने, शेवंताकाकींनी, आतून "बसाऽ" म्हटलं की टाकीवर चढायचं आणि "उतराऽ" म्हटलं की खाली यायचं. भाकरीला चढायचं, वरणाला उतरायचं. पारनेरात नव्याने बदलून आलेल्या माणसाला हा काय प्रकार आहे ते समजायला दोन दिवस लागत. मला तीन लागले.

ती टाकी गोबरगॅसची. खाली शेणकाल्याचा खड्डा, त्यावर तरंगणारी टाकी, टाकीतून नळी थेट काकींच्या शेगडीला. टाकीवर वजन पडलं की शेगडीचा जाळ मोठा होतो. इतर लोक त्यासाठी दगड ठेवतात. अण्णा म्हणत, "दगडाला आच कमी कर म्हनून सांगता येतं का?" अण्णांचं वजन बावन्न किलो. रेशनच्या काट्यावर मी स्वतः पाहिलं आहे. बसल्याने गॅस वाढत नाही, उलट लवकर संपतो, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. कागद बराच वेळ बघून ते म्हणाले, "बरोबर हाय, भाऊसाहेब. पन भाकरी फुगली पायजे."

अण्णा एस.टी.तून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं हात डिझेलमध्ये गेलेले आणि आता तेलाचं नाव काढलं तरी चवताळायचे. अरबांनी तेलाचे भाव चढवले आणि गावात रॉकेलच्या रांगा लागल्या, तेव्हापासून तर त्यांना ऊतच आला. कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावून स्टोव्ह बघायचे आणि मग घरच्या माणसांकडे वळायचे. "परक्याच्या विहिरीवर संसार मांडलाय तुमी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी बायको त्यांना येताना पाहिलं की स्टोव्हवर परात पालथी घालायची.

रविवारी वाचनालयात चर्चा असे. मी तिथला चिटणीस. तेलावाचून समाज चालेल का, या विषयावर चार रविवार गेले. चारही रविवार अण्णा बोलले, शेवटच्या वेळी सत्तेचाळीस मिनिटं. उसाच्या मळीच्या स्पिरिटवर मोटारी चालतील, शेणावर चुली चालतील, वाऱ्यावर मोटा चालतील. समोर दत्तोबा. त्यांचं रॉकेलचं दुकान.

"अण्णा, तुझी टाकी गंजू नये म्हनून रंग लावलास ना?" तिसऱ्या रविवारी दत्तोबांनी विचारलं. "रंगात काय असतंय? तेलच."

अण्णा तडक घरी गेले. पुढच्या रविवारी विजयी चेहऱ्याने आले. "रंग खरवडून काढला. आता डांबर लावलंय."

"आनि डांबर कशातनं निघतं?"

सगळं वाचनालय हसलं. अण्णा लालेलाल होऊन उभे राहिले. "यंदाचा दिवाळीचा समदा फराळ माझ्या घरी गॅसवर हुईल. रॉकेलचा एक थेंब लागला तर खड्डा बुजवून टाकीन. भाऊसाहेब पंच!"

वजनमापं तपासणं हीच माझी नोकरी; मापात मी कुणाला सूट देत नाही हे गावाला माहीत होतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

फराळाच्या दिवशी मी दुपारी वही घेऊन अण्णांकडे गेलो. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती, आणि थंडीत गॅस कमी धरतो. लाडवांचं बेसन भाजून झालं, करंज्या झाल्या, शेव झाली. चकल्यांचे पाच घाणे निघाले आणि सहाव्याला जाळ बारीक होऊन विझला. खिडकीतून पाहिलं तर टाकी पार खाली गेलेली आणि अण्णा तिच्यावर ताठ बसलेले, तोंड रस्त्याकडे.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराआडून स्टोव्ह काढला, बाटलीतलं रॉकेल ओतलं, पंप मारला. रॉकेल सकाळीच दत्तोबांच्या दुकानातून आणलेलं होतं. त्यांनी मला हात जोडले. "तेंना सांगू नका. लई जीव हाय तेंचा त्या खड्ड्यात."

बाहेरून आवाज आला, "आच कशी हाय गं?"

"झकास!" काकी ओरडल्या. "बसून ऱ्हावा!"

अण्णा आणखी पस्तीस मिनिटं बसून राहिले.

रविवारी सकाळी, चर्चेच्या आधी, ते माझ्या घरी आले. स्वयंपाकघराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"टाकी तळाला टेकली की बसनाऱ्याला कळतं, भाऊसाहेब. आनि तीस वर्षं मी इंजिनांचे आवाज ऐकलेत. स्टोव्ह वळखू येनार न्हाई का?"

"मग उठला का नाहीत?"

"ती बसून ऱ्हावा म्हनली ना."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सभेत सांगा, थेंब लागला न्हाई."

"अण्णा, हे तुम्ही सांगताय?"

"पहिल्या गाडीची ड्युटी असायची तवा मी कधी गजर लावला न्हाई. पहाटे ती चूल पेटवायची, धुरानं खोकायची, तेनं मला जाग यायची. तीस वर्षं. गॅस आला आनि तिसऱ्या म्हैन्यात खोकला थांबला. आता मला जागच येत न्हाई." त्यांनी टोपीची घडी नीट केली. "अरबांचं काय घेऊन बसलात, भाऊसाहेब. शब्द पाळून खड्डा बुजवला तर ती उद्या परत चुलीम्होरं बसंल. तोंडानं काय म्हननार न्हाई ती."

सभा भरली. दत्तोबांनी मलाच विचारलं, "काय पंच, थेंब लागला का न्हाई?"

बाटली त्यांच्याच दुकानातली होती. ते माझ्याकडे सरळ बघत होते.

"नाही," मी म्हणालो.

दत्तोबांनी अण्णांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पंच म्हनतो म्हंजी न्हाई. अण्णा जिकला. वाजवा की टाळ्या," आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

लोकांनी अण्णांना बोलायचा आग्रह केला. ते उभे राहिले, दत्तोबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"माझं काय बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "चकल्या आनल्यात. घ्या समद्यांनी."